तडी म्हणणारी अक्का

आधी गुन्हा कबूल करून टाकते. पन्नाशी उलटलेली, दूध संघाच्या संगणक विभागाची प्रमुख, केबिनच्या दारावर नावाची पाटी, पर्समध्ये तीन पेनड्राइव्ह आणि अंगात एवढी ऐट की चहावाल्यानंसुद्धा आधी मला चहा द्यावा आणि मग श्वास घ्यावा. अशी मी एका सोमवारी सकाळी गारगोटीच्या शीतकरण केंद्रातल्या संगणकापुढे बसले आणि एक फाईल पुसली. का पुसली? ती मोठी होती आणि तिचं नाव मला आवडलं नाही. पाच शून्यं आणि शेपटाला तीन इंग्रजी अक्षरं. आईबापांनी ठेवलेलं वाटू नये असं नाव. म्हटलं, हा कचराच असणार.

त्या फाईलीत एका माणसाची नोकरी होती. हे समजून घ्यायला मला एक मिनिट लागलं असतं. पण तेव्हा माझ्याकडे एक मिनिट कधीच नसायचं. आता दिवसचे दिवस पडून आहेत.

हल्ली माझी नात फोनमध्ये जागा नाही म्हणत भराभर फोटो पुसत बसते, तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडते, "तडी!" ती दचकते आणि विचारते, "आजी, तडी म्हणजे काय गं?" आता ते सांगायचं तर अक्का सांगावी लागते.

अक्का म्हणजे महादेवी. गडहिंग्लजची. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आणि माझ्याच हाताखाली नेमलेली. पण आल्यावर पहिल्याच आठवड्यात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला अक्का म्हणायला लागले आणि मीही. ती मला 'बाई' म्हणायची. त्या 'बाई'त मान किती होता आणि शाळेतली पोरं मास्तरीणबाईंच्या पाठीमागे म्हणतात तो भाग किती, हे मी कधी खणून बघितलं नाही. खणण्यात धोका होता.

बुटकी, गोल चेहऱ्याची, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, उजव्या कानामागे पेन. वडिलांचं गडहिंग्लजला मिरचीचं दुकान. लहानपण मिरचीच्या पोत्यांत गेल्यामुळे कुठल्याही साहेबाच्या बोलण्यानं तिच्या डोळ्यांत पाणी येत नसे. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि संगणकाशी पुन्हा कन्नड. पडद्यासमोर बसून ती पुटपुटत राहायची. मी एकदा विचारलं, "मशीनला मराठी कळत नाही काय गं?"

"मशीनला कळतंय की. पण मराठीत बोललं की तुम्ही मधी बोलताय."

आवाज एवढा खणखणीत की फोनवर बोलताना तिला फोनची गरज काय, असा प्रश्न पडायचा. कोडोलीच्या केंद्राशी बोलायला लागली की शिपाई दादू खिडकी लावून घ्यायचा. म्हणायचा, "कोडोलीला डायरेक्ट गेलं बघा, तारेबिगर."

आता तडीचं. ती आली त्याच आठवड्यात आम्ही एक मोठा संगणक बदलत होतो. सगळं जमलं होतं. मी खुर्चीत, अक्का पाठीमागे उभी. शेवटचा हुकूम टाईप करून मी एंटरवर बोट ठेवलं, तेवढ्यात मागून किंचाळी आली, "तडी! तडी!"

मी मराठी माणूस. मला वाटलं, बाई म्हणतेय तडीस न्या. केवढा उत्साह हिचा! मी एंटर अशा जोरात दाबला की टेबलावरचा पेला हलला.

संपूर्ण संघाचे पडदे काळे झाले. खाली टँकरवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. अक्कानं कपाळाला हात लावला. विभूती पुसली गेली.

"तडी म्हंजे थांब, बाई."

"मग थांब म्हणायचं!"

"घाईत आईचीच भाषा येती तोंडात."

ते निस्तरायला आम्हाला संध्याकाळ झाली. पण त्या दिवसापासून विभागात तो शब्द रुजला. कुणीही काही पुसायला, बंद करायला, बदलायला निघालं की चौघे ओरडायचे, तडी! दादू तर चहात साखर टाकणाऱ्यालासुद्धा म्हणायचा. सगळे शिकले. एक मी सोडून. विभागप्रमुखानं थांबायचं असतं हे मला पटत नव्हतं.

तिच्या दोन गोष्टी मला फार छळायच्या. एक तिची वही. शंभर पानी, शाळेतल्या पोरांची, वर फुलपाखराचं चित्र. कुठलाही हुकूम द्यायच्या आधी ती वेळ टाकायची, हुकूम लिहायची, मग दाबायची. दाबल्यावर काय झालं ते पुन्हा लिहायची. चूक झाली तर चूकही. मी म्हणायची, "अगं, मशीन स्वतः सगळं लिहून ठेवतं. त्यासाठीच तर आपला विभाग आहे."

"मशीन त्याचं लिहितंय. मी माझं लिहितो."

आमच्याकडच्या बायका मी लिहितो, मी जातो असंच बोलतात. बाहेरच्यांना गंमत वाटते, आम्हाला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तिनं 'हरवलं' हा शब्द विभागात बंद केला होता. कुणी म्हणालं, अमक्या केंद्राचा रिपोर्ट हरवला, की ती म्हणायची, "पोतं हरवत न्हाय. पोतं कुठंतरी बसलेलं असतंय." वडिलांनी ट्रकनं धाडलेली मिरचीची पोती शोधत ती लहानपणी निपाणीपासून कोल्हापूरपर्यंतचे सगळे अड्डे फिरली होती. तिथूनच तिचे तीन प्रश्न आलेले. कुठनं निघालं? कुठं चाललंय? कुठं बसलंय? दादूची छत्री असो नाहीतर संघाचा सर्व्हर, प्रश्न तेच, क्रम तोच.

एकदा नवीन आलेले मोठे साहेब तावातावानं आमच्या विभागात शिरले. कोडोलीच्या नोंदी आठ दिवस दिसत नव्हत्या. "कुणी डिलिट केल्या ते सांगा," म्हणाले. मी उठून उभी राहिले. अक्का बसूनच म्हणाली, "बसा पावणं."

साहेबांना त्यांच्याच कचेरीत पाहुणे म्हणणारी ही पहिलीच. ते इतके गोंधळले की बसले. अक्कानं तिचे तीन प्रश्न विचारले, उत्तरंही तिनंच दिली. कोडोलीहून निघाल्या? निघाल्या. कोल्हापूरकडेच चालल्या होत्या? होत्या. आल्या का? आल्याही. मग बसल्यात कुठं? दहा मिनिटं खडखडाट करून ती म्हणाली, "साहेब, तुमचं दूध पुढल्या वर्षात जाऊन बसलंय."

कोडोलीच्या संगणकाचं घड्याळ एक वर्ष पुढं गेलेलं. तिकडून आलेली प्रत्येक नोंद आमचा संगणक इमानेइतबारे पुढल्या वर्षाच्या कप्प्यात ठेवत होता. साहेब हसले, मग मीही हसले. साहेबांच्या आधी हसायची माझी पद्धत नव्हती.

आता आमच्या या नोंदींचं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक शीतकरण केंद्रात एक छोटा संगणक. तिथलं यंत्र न् यंत्र त्याला आपली खबर देतं. दार उघडलं, टाकीचं तापमान वाढलं, कॉम्प्रेसर बंद पडला, कुणी अलार्म दाबला. संगणक त्या खबरा लगोलग कोल्हापूरला पाठवतो. कोल्हापूरशी संपर्क तुटला तर त्या आपल्याच डिस्कवर एका फाईलीत रांगेनं धरून ठेवतो. याला म्हणतात डिस्क बफर.

हे मी एकदा संचालकांच्या बैठकीत अर्धा तास समजावून सांगितलं. निम्मं इंग्रजीत, कारण त्या दिवशी मी नवीन चष्मा लावला होता. शेवटी भुदरगडकडचे एक वयस्कर संचालक म्हणाले, "जेवण उभ्यानं हाय का बसून?" त्यांनी बफर नाही, बुफे ऐकलं होतं. सगळे हसले आणि माझ्या अर्ध्या तासाचं पाणी झालं. तेव्हा मागच्या खुर्चीवरून अक्का उठली.

"अण्णा, वाडीवर टेम्पो आला न्हाय तर दुधाचे कॅन काय करता?"

"गार पाण्याच्या हौदात ठिवतो."

"दूध हरवलं व्हय?"

"न्हाय. थांबलंय."

"टेम्पो आला की?"

"आधी ठिवलेला कॅन आधी जाणार."

"मग हाच की तुमचा बफर. पण हौदाला काठ असतोय. टेम्पो दहा दिवस आलाच न्हाय तर हौद भरणार आणि नवीन कॅन उन्हात. म्हणून हौद भरला की हौद फोडायचा नसतोय. टेम्पो का येईना ते बघायचं असतंय."

संचालकांना कळलं. मला वाटलं, मलाही कळलंय.

आणि मग तो सोमवार.

त्याच्या आदल्या आठवड्यात गारगोटीच्या केंद्रावर भर दुपारी एक टाकी दूध नासलं. ड्यूटीवर रत्नाकर कांबळे. पंचावन्नचे गृहस्थ, अबोल, केंद्राच्या पहिल्या दिवसापासूनचे. ते म्हणाले, विजेचा दाब बिघडला, कॉम्प्रेसर बंद पडला, मी चार वेळा अलार्म दाबला, मेकॅनिकला फोन केला, कुणी आलं नाही. मेकॅनिक म्हणाला, ना फोन आला, ना अलार्म. मग संघानं आमच्या विभागाला विचारलं. अक्का रजेवर, भावाच्या मुलीचं लग्न. मी पडद्यावर बघितलं. त्या दिवशी गारगोटीचा काहीच पत्ता नव्हता. मी टेचात पत्र दिलं, 'सदर दिवशी असा कोणताही अलार्म प्राप्त झालेला नाही.' खाली माझी लफ्फेदार सही.

रत्नाकररावांना निलंबनाची नोटीस गेली. मंगळवारी चौकशी. समाधानकारक खुलासा न झाल्यास हजेरीपटावरून नाव काढण्यात येईल.

सोमवारी सकाळी गारगोटीचे केंद्रप्रमुख पाटील यांचा फोन. "मॅडम, कॉम्प्युटर म्हणतोय जागा शिल्लक न्हाय. दूध घ्यायचं थांबलंय. गाड्या लागल्यात." अक्का नाही म्हणून मला उलट बरं वाटलं. म्हटलं, चला, आज कुणी तडी म्हणणारं नाही. संघाची जीप काढली आणि निघाले.

तिथं पोचून बघते तर डिस्क काठोकाठ. सगळ्यात मोठी फाईल ती, शून्यावाली. हौद, टेम्पो, काठ, त्यातलं मला काही म्हणजे काही आठवलं नाही. पुसली. आणि खुर्चीत रेलून पाटलांना म्हटलं, "बघा आता."

बघितलं. जागा तेवढीच. एक कणही मोकळा नाही. फाईल दिसत नाही आणि जागाही सुटत नाही, असं भूत मी कधी बघितलं नव्हतं. पाटील माझ्याकडे बघत होते. आता नोंदी लिहिणारा आणि पाठवणारा जो प्रोग्राम, ज्याला सर्व्हिस म्हणतात, तो बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढंच सुचलं. पण त्याआधी अक्काला एक फोन लावला. मदत मागायला नव्हे हां. तुझ्याशिवाय मी एवढं केलं, हे ऐकवायला.

मागे सनई, बायकांचा गलका. मी म्हटलं, "अगं, एक मोठी फाईल पुसली तरी जागा होईना. आता सर्व्हिस बंद करून चालू करते."

"तडी!"

दोन हात लांब बसलेल्या पाटलांनाही ऐकू गेलं. या वेळी मला अर्थ माहीत होता.

"कुठली फाईल, बाई?"

मी नाव सांगितलं. पलीकडे सनईसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

"सर्व्हिस चालू हाय अजून?"

"आहे."

"मग ऐका. तुम्ही फक्त नाव काढलंय. फाईल हाय. त्या सर्व्हिसनं हातात धरलीय ती. जोवर ती सोडत न्हाय तोवर फाईल मरत न्हाय, म्हणून तर जागा सुटंना. सर्व्हिस बंद केली की हात सुटला, फाईल गेली. कशालाच हात लावू नका. हात मांडीवर ठिवा आणि बसा. मी येतो."

"पण त्या फाईलीत आहे काय एवढं?"

"कोल्हापूरला गारगोटीचं कवापास्नं काही आलं न्हाय?"

मी सांगितलं, आठ-दहा दिवस तरी. आणि सांगता सांगताच तिचे तीन प्रश्न मला आठवले. कुठनं निघालं, कुठं चाललंय, कुठं बसलंय. रत्नाकररावांचे अलार्म त्या फाईलीत बसले होते. मी त्यांच्या डोक्यावर झाकण ठेवून वर पाटी काढून टाकली होती.

लहानपणी आई माझ्या वेण्या घालताना म्हणायची, "ही पोरगी नाव काढणार बघा." काढलं.

मी मांडीवर हात ठेवून बसले. पाटलांना म्हटलं, दूध कागदावर लिहून घ्या. ते म्हणाले, "घेतो की. पण बारा वाजता लाईट जाणार हाय. तारांचं काम हाय आज. जनरेटर हाय आपल्याकडं, पण तो सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात."

"आणि या संगणकाचा यूपीएस?"

"त्याची बॅटरी गेलीय. तो नुसता टूं करतोय."

दोन मिनिटं. संगणक बंद, सर्व्हिस बंद, हात सुटला. पावणेबारा झाले होते.

दाराशी कुणीतरी उभं होतं. रत्नाकरराव. नोटिशीवर सही करायला म्हणून त्यांना बोलावलं होतं आणि ते कधीचे आमचं बोलणं ऐकत होते. आत न येता म्हणाले, "बारा व्होल्टची बॅटरी चालंल?"

त्यांचा ऊस केंद्राच्या मागेच. रात्री गवे शिरू नयेत म्हणून भोवती झटक्याची तार, आणि तारेला मोटारीत असते तेवढी बॅटरी. ती त्यांनी खांद्यावरून आणली, यूपीएसचं पोट उघडलं, दोन वायरी पिळून जोडल्या. मी हात मांडीवरच ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं तरी श्वासही धरला होता.

बारा वाजता पंखा थांबला. यूपीएस टूं टूं करू लागला. पडदा तसाच. मग मागं जनरेटर धडधडला, आणि पाटलांनी घाम पुसला. रत्नाकरराव पुन्हा दाराबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना निलंबनात आत बसायची परवानगी नव्हती, आणि ते नियमाचे पक्के.

अक्का एकच्या सुमाराला एसटीतून उतरली. नेसून इरकल, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि पंजे हळदीनं पिवळे. मांडवातून उठून आलेली. खुर्चीत बसली, कानामागचं पेन काढलं. लग्नघरातून येताना ती वही घेऊन आली होती!

फाईल पुसल्याची वेळ यंत्रात बघून ती वर टाकली. अकरा वाजून पाच. आणि लिहिलं, 'बाईंनी फाईलचं नाव काढलं.'

मी हळूच म्हटलं, "अक्का, 'आपोआप गेली' असं लिही की."

"आपोआप? माशी बसली व्हय एंटरवर?"

मग तिनं काम केलं. ते बघताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. सर्व्हिसला तिनं बंद केलं नाही, जागच्या जागी थांबवलं. मुठीत फाईल तशीच. मग त्या मुठीतूनच फाईलीची नक्कल बाहेरच्या डिस्कवर ओढून घेतली. प्रत्येक पायरी आधी वहीत, मग बोटांनी. कन्नड पुटपुटणं चालूच. तिच्या हळदीनं एंटरचं बटण पिवळं झालं. ते अजूनही तसंच असेल.

नक्कल झाल्यावर तिनं फाईल उघडून वाचायला घेतली, मोठ्यांदा. दुपारी दोन दहा, विजेचा दाब बिघडला. दोन अकरा, कॉम्प्रेसर बंद. दोन अकरा, अलार्म, दाबणार रत्नाकर कांबळे. दोन चौदा, अलार्म. दोन वीस, अलार्म. दोन एकतीस, अलार्म. दोन चाळीस, अलार्मच्या बटणात दोष.

दाराबाहेरून आवाज आला, "पाचव्यांदा बटणच तुटलं, अक्का. हातात आलं माझ्या."

"त्याची पण नोंद हाय, पावणं."

ते खाली बसले. उंबऱ्याबाहेर, जमिनीवर. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही, सगळे मुद्दाम पडद्याकडे बघत राहिलो.

राहिला प्रश्न टेम्पो का येईना. अक्कानं तोही तिथंच शोधला. तार शाबूत होती. कोल्हापूरच्या संगणकाची ओळख पटवणारं जे प्रमाणपत्र असतं त्याची मुदत संपलेली, त्यामुळे गारगोटीचा संगणक त्याला ओळखत नव्हता आणि खबर देत नव्हता. मुदत वाढवा अशा सूचना महिनाभर कुणाला येत होत्या? मला. मी त्या सरळ दुसऱ्या कप्प्यात ढकलत होते, कारण त्यांचंही नाव मला आवडत नव्हतं.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "अक्का, पण माझं पत्र तसं खोटं नव्हतं. अलार्म आलाच नव्हता."

"'आला न्हाय' आणि 'वाजला न्हाय' एकच व्हय, बाई?" म्हणून तिनं खिडकीकडे तोंड केलं.

मंगळवारी चौकशी. टेबलापलीकडे तीन अधिकारी. अक्कानं नोंदी पुढे ठेवल्या. मधले अधिकारी हुशार. म्हणाले, "पुसलेली फाईल परत आली म्हणता. ती इथं बसून तयार केली नाही कशावरून? आणि पुसली कुणी?"

अक्कानं वही त्यांच्यापुढे सरकवली नाही. धरून बसली आणि माझ्याकडे बघितलं. पहिली ओळ खोटी ठरली तर खालच्या सगळ्या ओळी खोट्या ठरणार, हे तिला माहीत होतं, आणि आता मलाही. रत्नाकरराव भिंतीशी उभे होते, टोपी दोन्ही हातांत धरून. माझी पाटी, माझे तीन पेनड्राइव्ह, माझी लफ्फेदार सही, सगळं डोळ्यांपुढून गेलं. खोटं कशाला सांगू, पळून जावंसं वाटलं.

"मी पुसली," मी म्हटलं. "न बघता. आणि अलार्म आला नाही असं पत्रही मीच दिलं, तेही न बघता. यांनी वहीत लिहिलंय ते बरोबर आहे. अकरा वाजून पाच."

अधिकाऱ्यांनी वही मागितली, अकरा पाचपासून शेवटपर्यंत वाचली, यंत्राच्या वेळांशी ताडून बघितली. मिनिटाचाही फरक निघाला नाही. रत्नाकररावांचं नाव हजेरीपटावर राहिलं. मला लेखी समज मिळाली. ती मी अजून जपून ठेवली आहे, माझ्या गुणपत्रिकांच्या खाली.

चार दिवसांनी रत्नाकरराव कोल्हापूरला आले. मला वाटलं, आभार मानायला. मी खुर्चीत सावरून बसले. ते म्हणाले, "बाई, तुमच्या यूपीएसला नवी बॅटरी तेवढी मंजूर करा. माझी मला परत पाहिजे. गवं उसात शिरल्यात." माझं ऐटीत बसणं त्यांनी बघितलंही नाही. अक्का टेबलाआड तोंड लपवून हसत होती.

पुढं चार-पाच वर्षांनी तिचे वडील अंथरुणाला खिळले आणि ती नोकरी सोडून दुकानात बसली. जाताना फुलपाखराच्या सगळ्या वह्या विभागातच ठेवून गेली. मी निवृत्त होईपर्यंत त्याच वह्या उघडून कामं करत होते. विचारलं कुणी, तर माझ्या अनुभवातून म्हणून सांगत होते. सवयी सहज जात नाहीत.

मागच्या वर्षी लग्नाच्या निमित्तानं गडहिंग्लजला गेले आणि तिच्या दुकानाशी थांबले. लांबूनच ठसका लागला. अक्का पोत्यांच्या मधोमध बसली होती, आता केस पांढरे, कानामागे पेन तसंच, भिंतीला खिळ्यावर शंभर पानी वही. मी शिंकत, डोळे पुसत आत शिरले. तिच्या डोळ्यांत अर्थातच काही नाही. एक गिऱ्हाईक, पागोटंवाले म्हातारे गृहस्थ, मिरची चिमटीत धरून बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघून अक्काला विचारलं, या कोण? अक्कानं तराजू खाली ठेवला, पदर खांद्यावर घेतला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात माझी ओळख करून दिली. म्हातारबांनी लगेच मिरची ठेवून मला हात जोडले. मी पदरात तोंड लपवलं. त्यांना वाटलं, ठसक्यानं.

ती म्हणाली होती, "ह्या आमच्या बाई, पावणं. कोल्हापूरच्या. दूध संघात ह्यांनी लई नाव काढलंय."